माळवदावर कोण चढणार?

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. घर बांधणं किती अवघड, हे ती सांगते. बांधून झाल्यावर पुढे काय, याबद्दल मात्र ती गप्प आहे. घर बांधायला एखाद-दोन वर्षं लागतात. ते उभं ठेवायला आख्खं आयुष्य लागतं. त्या आयुष्याच्या शेवटच्या वीस वर्षांत, गुडघे बोलायला लागल्यावर, निसणीच्या तिसऱ्या पायरीवर हात थरथरायला लागल्यावर, घर कोण उभं ठेवतं?

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो समजून घ्यायचा तर आधी छपरावर जावं लागेल.

दरवर्षी मागणारं छप्पर

बीडची जुनी घरं माळवदाची. कुणी धाब्याची म्हणतं. दगडाच्या किंवा मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांच्यावर किलचणाच्या बारीक फळ्या किंवा काटक्या, वर पाल्याचा थर आणि सगळ्यात वर माती. छप्पर सपाट. उन्हाळ्यात वर झोपता येतं, मिरच्या-पापड वाळवता येतात, सणाला पोरं वरून गाव बघतात. मधोमध एक साणं, म्हणजे उजेड आत यायला आणि धूर बाहेर जायला ठेवलेलं भोक. कडेला पाणी काढून देणारी पन्हाळ.

कोकणात असं घर एका आषाढात विरघळलं असतं. तिथे उतरतं छप्पर लागतं. बीडमध्ये वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरीवर. जंगल थोडं, त्यामुळे लाकूड महाग. ऊन मात्र भरपूर. अशा मुलखात जाड मातीचं सपाट छप्पर शहाणपणाचं होतं. वैशाखात बाहेर डोकं तापत असताना माळवदाखाली गार वाटायचं, ते मातीच्या जाडीमुळे.

वरची माती कुठलीही चालत नाही. शेतातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. छपरावर ती टाकली तर पहिल्याच पावसात घरात धार लागेल. त्यासाठी पांढरी किंवा खारी माती लागते. खाऱ्या मातीत सोडियमचे क्षार जास्त असतात. पाणी लागलं की तिचे बारीक कण सुटे होतात आणि छिद्रं बुजवतात. शेतकऱ्याला नकोशी असलेली ही माती छपराला मात्र हवीशी. प्रयोगशाळेशिवाय हे ज्ञान गावात होतं: कुठल्या ओढ्याकाठची माती आणायची, कुठली नाही, हे म्हातारी माणसं चिमूट हातात घेऊन सांगायची.

‘पांढरी’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. जुन्या गावकारभारात ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली की राख, शेण, पडलेल्या भिंती, फुटकी मडकी यांचा थर चढत जातो आणि जमीन पांढुरकी होते. गावाबाहेरचं ओसाड टेकाड किंवा ढासळलेली गढी यांतली माती लोक घरासाठी उकरून आणायचे. बीडच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावात अशाच पांढऱ्या टेकाडांतून सातवाहन काळातल्या वस्तू वर येत राहिल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जपून ठेवल्या आणि आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तिथे आहे. म्हणजे मराठवाड्यातल्या एखाद्या आजीच्या छपरावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी चुलीची राख असू शकते. एक घर पडतं, त्याच्या मातीवर दुसरं उभं राहतं.

हे छप्पर एकदा बांधून विसरून जाण्यासारखं नव्हतंच. दर उन्हाळ्यात, रोहिणी लागायच्या आत, म्हणजे साधारण २५ मेपूर्वी, वर माती चढवावी लागे. ती पसरायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपायची, पन्हाळीकडे उतार द्यायचा. पहिल्या पावसानंतर पुन्हा वर जायचं, कारण माळवदावर गवत उगवतं आणि त्याच्या मुळांच्या वाटेने पाणी आत शिरतं. उंदीर-घुशींची बिळं बुजवायची. भिंती लिंपायच्या, जमीन शेणाने सारवायची, पोतेरं फिरवायचं. नवरात्राच्या आधी बायका ‘दसरा काढायच्या’: घरातलं भांडं न् भांडं, गोधडी न् गोधडी बाहेर, धुऊन, वाळवून परत आत. आणि रोज चूल पेटवायची. चुलीच्या धुराने तुळयांना वाळवी कमी लागे. कुलूप लावून ठेवलेलं मातीचं घर लवकर पडतं, त्याचं हे एक साधं कारण.

हात कुणाचे होते?

आता मुद्द्याचा प्रश्न. डोक्यावर टोपली घेऊन निसणी चढणं हे साठीच्या माणसाचं काम नाही. मग म्हातारपणी ही घरं टिकायची कशी?

पहिलं उत्तर ‘एकत्र कुटुंब’ असं येतं आणि ते अर्धं खरं आहे. घरात चार मुलगे, चार सुना असायच्या. पण माळवदाला एका घराचे हात पुरत नसत. इर्जिक किंवा सावड यांसारख्या रिवाजांत गावकरी एकमेकांच्या कामाला जात. आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या. छपराच्या कामालाही शेजारी याच हिशोबाने येत. म्हाताऱ्याने तरुणपणी दहा माळवदांवर टोपल्या वाहिलेल्या असायच्या, म्हणून त्याच्या म्हातारपणी दहा घरांतली पोरं त्याच्या माळवदावर चढायची. याला कुणी विमा म्हणत नव्हतं, पण काम तो विम्याचंच करायचा.

दुसरं उत्तर बलुतेदारीचं आहे आणि ते इतकं गोड नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली आलं. गावाचा कारभार कुणाच्या कष्टावर चालतो, याचं इतकं बारीक वर्णन मराठीत त्याआधी फारसं नव्हतं. सुतार, लोहार, कुंभार, महार, मांग, अशी ही यादी गावागणिक थोडी बदलते. बलुतं म्हणजे रोजच्या कामाची रोख मजुरी नव्हे. सुगीला खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा. सुतार मुख्यतः शेतीची अवजारं दुरुस्त करून द्यायचा, घरबांधणीसारखं मोठं काम वेगळ्या मोबदल्यावर चालायचं. पण तो गावात होता, त्याला घराची तुळई न् तुळई माहीत होती आणि हाक मारली की तो यायचा.

या हाकेला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. गावकूस आणि चावडीची डागडुजी महारांच्या कामांत मोजली जाई. घर झाडायची केरसुणी आणि गुरं बांधायचं दावं मांगांच्या हातचं. ज्यांच्या श्रमावर गाव उभं होतं, त्यांची स्वतःची घरं गावकुसाबाहेर आणि बहुतेकदा गवता-पाचटाची. त्या छपराची डागडुजी माळवदापेक्षा जास्त वेळा करावी लागायची आणि तिथे मदतीला कुठला बलुतेदार येणार? १९४८च्या सप्टेंबरपर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. पाटील, देशमुख, जहागीरदार यांच्या वाड्यांवर वेठीची कामं चालत. तेव्हा ‘पूर्वी गाव एकमेकांना सांभाळायचं’ असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायला हवा: कोण कुणाला सांभाळायचं आणि त्याला त्यात काय मिळायचं?

तिसरं उत्तर प्रत्येक घरात होतं आणि ते कुठल्याच यादीत नाही. माती कालवणं, सारवणं, लिंपणं, पाणी वाहणं ही कामं बायकांची. पुरुष म्हातारा झाला की ओट्यावर बसायचा. बाई म्हातारी झाली तरी सारवायची. फार तर उभ्याने करायची कामं सुनेकडे गेली आणि बसून करायची तिच्याकडे राहिली.

हात गेले, थर वाढत गेला

ही व्यवस्था मोडली आणि तिचा अन्यायाचा भाग मोडला हे चांगलंच झालं. पण तिच्या जागी दुसरी काही आली नाही. १९५०च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्र कारखान्यांनी भरून गेला. ऊस तोडायला माणसं हवी होती. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली कोरडवाहू गावं ती पुरवू लागली. १९७२च्या दुष्काळानंतर ही वाट चांगलीच रुळली. आज ऊसतोड मजूर म्हटलं की पहिलं नाव बीडचं येतं.

ऊसतोडीचं वेळापत्रक पाहा. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे ‘कोयत्या’ने, घर सोडायचं आणि मार्च-एप्रिलमध्ये परतायचं. या सहा महिन्यांत गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडं. सत्तरीची आजी चूल पेटवते, पाणी भरते, शाळेचे डबे करते. तरुण हात परत येतात ते ऐन उन्हाळ्यात, अंगातला ऊस अजून उतरलेला नसताना. रोहिणीला महिना-दीड महिना उरलेला असतो. त्यात लग्नं, शेताची मशागत, उचलीचा हिशोब. माळवदाचा नंबर शेवटी लागतो.

इथे एक गोष्ट घडत गेली. माळवदाची नीट दुरुस्ती म्हणजे जुनी, निकामी झालेली माती खरवडून खाली टाकायची आणि मगच नवी चढवायची. खरवडायला हात जास्त लागतात, दिवस जास्त लागतात. हात नसतील तेव्हा माणूस सोपा मार्ग घेतो: गळतं तिथे वरून चार टोपल्या टाकायच्या. यंदाचं भागतं. पुढच्या वर्षी आणखी चार. थरावर थर.

साधा हिशोब करून पाहू. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. तिच्यावर अर्धा मीटर माती चढली असेल आणि घनमीटरला साधारण १,६०० किलो वजन धरलं, तर डोक्यावर जवळजवळ नऊ टन भार होतो. एका ट्रकभर मातीखाली माणसं झोपत होती.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारच्या जरा आधी, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लोक गणपती विसर्जन करून झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. नंतर अभियंत्यांनी ढिगारे तपासले तेव्हा दोन दोष पुन्हा पुन्हा दिसले. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, ज्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना एकमेकांत बांधणारे आरपार दगड नव्हते. आणि त्यांच्यावर मातीचं प्रचंड जड छप्पर, काही ठिकाणी अर्ध्या मीटरहून जाड.

भूकंपाला कारण डागडुजी नव्हती, हे उघड आहे. पण घर जपण्यासाठी वर्षानुवर्षं चढवलेली मातीच त्या पहाटे अंगावर आली, हेही खरं आहे. त्यानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात शेजारच्या जिल्ह्यांतली उभी राहिलेली घरं बळकट करण्याचाही भाग होता. त्यातला एक सल्ला अगदी साधा होता: माळवदावरची माती कमी करा, पातळ थर ठेवा, खाली पाणी न झिरपणारा कागद घाला. म्हणजे वर टाकू नका, खाली काढा. पण किल्लारी पाहिलेल्या माणसांचा माळवदावरचा विश्वास उडाला होता. मदतीच्या पैशातून अनेकांनी जुनं घर बळकट करण्याऐवजी शेजारी एक नवी खोली बांधली.

आणि या सल्ल्याला आणखी एक अडचण होती. टोपलीभर माती वर टाकणं एकट्या म्हाताऱ्यालाही कसंबसं जमतं. नऊ टन माती खाली काढणं जमत नाही. एकट्याने केलेल्या दुरुस्तीत नेहमी भर पडत जाते. कमी करायला माणसं लागतात.

‘आता बघावं लागत नाही’

माळवदाच्या जागी पत्रा आला, मग स्लॅब आला. दोन्हींचं मोठं आकर्षण एकच: दरवर्षी वर चढायला नको. हे आकर्षण खोटं नाही. ज्या बाईने चाळीस वर्षं सारवलं, तिला फरशी मिळाल्यावर तिने ‘आमची जुनी घरं किती छान’ असं म्हणावं, ही अपेक्षा शहरातल्या माणसानेच करावी.

पण पत्र्याखाली मे महिन्यातली दुपार कशी असते, ते बीडच्या कुठल्याही आजीला विचारा. उष्म्याचा त्रास सगळ्यात जास्त म्हाताऱ्या शरीराला होतो आणि दुपारी घरात असतात तीच माणसं. स्लॅबही गळतो, फक्त पाच-दहा वर्षं उशिरा. तेव्हा त्याला माती चालत नाही. मिस्त्री लागतो, केमिकल लागतं, रोख पैसे लागतात. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये औषध-पाण्यातच संपतात. पूर्वी हात नसले की छप्पर गळायचं, आता पैसे नसले की गळतं.

सरकारी योजनांकडे पाहिलं तर आपल्या सगळ्यांचाच कल दिसतो. १९८५ची इंदिरा आवास योजना आणि २०१६ची प्रधानमंत्री आवास योजना, यांनी लाखो लोकांना पक्कं घर दिलं. त्याचं मोल कमी नाही. ग्रामीण घरकुलाला किमान २५ चौरस मीटर जागा आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, शिवाय स्वतःचं घर बांधताना रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी, अशी या योजनेची रचना आहे. यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. स्वतःचं घर बांधणं हेही मजुरीचं काम आहे, हे सरकारने मान्य केलं. आणि तेच घर पुढे वीस वर्षं जपणं? त्या कामाची मजुरी कुणी धरलेली नाही. म्हणीसारखंच आहे हे: बांधण्यापर्यंत सगळे सोबत, पुढचं ज्याचं त्याने बघावं.

बघणारं घरात असतं ते म्हातारं माणूस. नवं घरकुल मुलाच्या संसाराला आणि जुन्या पडवीत आई-वडील, हे चित्र अनेक गावांत दिसतं. २०११च्या जनगणनेत देशातल्या साठीच्या वरच्या लोकांचं प्रमाण ८.६ टक्के होतं आणि ते वाढत चाललं आहे. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात पाणी घरांत शिरलं, मातीच्या भिंती खचल्या. अशी भिंत एका रात्रीत खचल्यासारखी दिसते. खरं तर ती मागची दहा वर्षं लिंपायची राहिलेली असते.

बसून करायचं काम

याचा अर्थ पुन्हा माळवदं बांधा असा नाही. पण मातीच्या घरांनी एक गोष्ट शिकवली होती आणि ती आपण घरांबरोबर टाकून दिली.

आफ्रिकेत मालीमधल्या जेने या शहरात मातीची एक प्रचंड मशीद आहे. आजची इमारत १९०७ची. तिलाही माळवदासारखाच दरवर्षी हात लागतो. वर्षातून एकदा सगळं गाव जमतं, गवंडी आणि तरुण मुलं भिंतींवर चढून चिखलाचा गिलावा करतात, मुली-बायका पाणी आणतात. तो सणच असतो. आणि ज्यांनी तरुणपणी हे काम अनेकदा केलं ती वृद्ध माणसं चौकात मानाच्या जागी बसून सगळं पाहतात. चढायचं काम त्यांच्याकडे नसतं, पण काम त्यांच्याशिवायही होत नाही.

आपल्याकडेही हेच होतं, फक्त त्याला सणाचं नाव नव्हतं. माळवदावर पोरं चढायची आणि आजोबा खाली ओट्यावरून सांगायचे: पन्हाळीकडचा उतार कमी झालाय, देवळीच्या वरचा कोपरा मागच्या साली ठिबकत होता, तिथे चोपा. कुठली तुळई कोणत्या दुष्काळात बदलली, कुठल्या भिंतीत बळद होतं म्हणून ती पोकळ आहे, हे फक्त त्यांना माहीत. शरीर थकलं की माणसाचं काम संपत नसे, वरचं काम खाली येई. निसणीवरचा माणूस बदलायचा. घर माहीत असलेला माणूस तोच राहायचा.

आज आपण म्हाताऱ्या माणसांना दोनच गोष्टी सांगतो. ‘तुम्ही वर चढू नका’ आणि ‘आम्ही बघतो’. पहिली बरोबर आहे. दुसरी पुण्याहून किंवा कारखान्याच्या फडातून फोनवर सांगितलेली असते. दोन्हींच्या मध्ये घर तसंच उभं असतं, एका बाजूने खचत. मग आजोबा कुणाला न सांगता एका दुपारी निसणी लावतात. त्यांना कळत नाही असं नाही. पण पन्हाळ तुंबलेली असते आणि आभाळ भरून आलेलं असतं.

वेळापत्रक जुनंच वापरता येईल. रोहिणी अजूनही २५ मेच्या आसपासच लागते आणि कोयते त्याआधी घरी आलेले असतात. शहरातल्यांच्या सुट्ट्याही त्याच दिवसांत असतात. त्या आठवड्यातला एक दिवस घराचा. पत्रा असेल तर त्याचे नट आवळायचे, स्लॅब असेल तर पन्हाळ आणि भेगा पाहायच्या, माळवद असेल तर माती आधी खरवडायची आणि मगच टाकायची. शेजारच्या आजींचं घर यादीत घ्यायचं, कारण त्यांचा मुलगा यंदा आलेला नाही. मजूर बोलावला तर त्याला पुरी मजुरी द्यायची. जुनी पद्धत घ्यायची, जुनी वेठ नाही. आणि काम सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला खुर्ची बाहेर टाकून द्यायची आणि विचारायचं, ‘कुठं गळतं?’

उत्तर लांबलचक येईल. ऐकून घ्यायचं.